लासलगाव–पिंपळगावचे कांदाभाव आणि रिग्रेशनचे रेसिड्युअल: ते स्टेशनरी आहेत का, कसे तपासावे

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातील लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या दोन बाजार समित्यांचे कांद्याचे साप्ताहिक भाव घ्या आणि एकाचे दुसऱ्यावर रिग्रेशन करा, म्हणजे एकावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी सरळ रेषा बसवा. आर-स्क्वेअर (एका भावातला किती चढउतार दुसऱ्याने उलगडतो ते प्रमाण) भरघोस येईल, टी-मूल्य (रेषेचा उतार, म्हणजे गुणांक, त्याच्या अनिश्चिततेच्या किती पट आहे ते) डोळे दिपवील. तेवढ्यावर ‘दोन्ही बाजार एकमेकांशी जोडलेले आहेत’ असे लिहून प्रकल्प-अहवाल बाइंडिंगला टाकायची घाई होते. निष्कर्ष कदाचित खराही असेल, पण पुरावा खोटा आहे. नाशिकच्या सराफ बाजारातला सोन्याचा भाव आणि गंगापूर रोडवरच्या फ्लॅटचा दर यांचे रिग्रेशन केले, तरी असाच झगमगाट दिसेल. दोन्ही वर्षानुवर्षे चढत आले आहेत, एवढेच त्यांच्यातले साम्य.

याला फसवे रिग्रेशन म्हणतात. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ साली संगणकावर रँडम वॉक मालिका (दर पावलाला कुठेही वळणाऱ्या, भटक्या मालिका) तयार केल्या. त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता, तरी रिग्रेशन वारंवार ‘संबंध आहे’ असेच सांगत राहिले. त्यातून आलेला एक ठोकताळा आजही उपयोगी पडतो: आर-स्क्वेअर डर्बिन–वॉटसनच्या आकड्यापेक्षा (लागोपाठच्या चुका एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत हे सांगणारा आकडा) मोठा असेल तर सावध व्हा.

खरे नाते आणि फसवे नाते यांतला फरक रेसिड्युअलमध्ये दिसतो. रेसिड्युअल म्हणजे रिग्रेशनला न उलगडलेला, उरलेला भाग. पिंपळगावचा भाव लासलगावपासून तात्पुरता भरकटला आणि पुन्हा जागेवर आला, तर हा उरलेला भाग शून्याभोवती घुटमळतो. तो स्टेशनरी असतो. (वह्या-पेनांची स्टेशनरी नव्हे, जिची सरासरी आणि चढउताराचा पसारा काळाबरोबर बदलत नाही, अशी मालिका.) भरकटलेला भाव परतच आला नाही, तर रेसिड्युअलही भटकत राहतो आणि नाते खोटे ठरते. दोन भटक्या मालिकांमधल्या खऱ्या दीर्घकालीन नात्याला कोइंटिग्रेशन म्हणतात. एंगल आणि ग्रेंजर यांनी १९८७ साली याच कल्पनेवर दोन टप्प्यांची चाचणी उभी केली. गणित साधे आहे. लोक अडखळतात ते शेवटच्या पायरीवर, कोणत्या टेबलाशी तुलना करायची तिथे.

आधी आकडे नीट करा

दैनंदिन भाव अ‍ॅगमार्कनेटवर आणि महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. सर्वसाधारण दर घ्या. किमान दरात गोल्टी (बारीक कांदा) आणि हलका माल येतो, कमाल दरात एखाद-दुसरी निवडक गाडी. दोन्ही फार उसळतात.

वाणाचा रकाना तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांचे भाव वेगळे असतात. एका बाजाराच्या रकान्यात लाल आणि दुसऱ्याच्या रकान्यात त्याच आठवड्यात उन्हाळ असेल, तर तुम्ही मोजताय ते बाजारांतले अंतर नव्हे, वाणांतले अंतर.

रोजचे आकडे वापरायचा मोह टाळा. रविवार, सण, अमावास्या, दिवाळीची सुट्टी, बंद असे खंड पडतच असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये निर्यात शुल्काच्या निषेधार्थ जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले होते. म्हणून आठवड्याची सरासरी काढा, आणि तीही दोन्ही बाजार चालू होते तेवढ्याच दिवसांची. कोरे आठवडे मागच्या-पुढच्या भावांमध्ये सरळ रेषा ओढून सरसकट भरू नका. अशी भरलेली रेषा मालिकेत खोटा गुळगुळीतपणा आणते आणि चाचणीतले लॅग (मागच्या आठवड्यांची मूल्ये) बिघडवते. एखादा-दुसरा आठवडाच कोरा असेल तर भरा आणि तसे लिहा. सलग महिनाभराचा खंड असेल तर त्या जागी नमुना तोडणे बरे.

टंकनाच्या चुका शोधण्यासाठी आलेख काढा. १५०० च्या जागी १५००० पडले असेल तर एका आठवड्यात सुळका दिसेल आणि पुढच्या आठवड्यात भाव खाली येईल. माणसाला ही चूक लगेच कळते. चाचणीला मात्र वाटते, ‘वा, किती झटपट जागेवर आला!’ असे चार-पाच सुळके राहिले तर न भटकणारी मालिका म्हणून खोटा शिक्का बसू शकतो.

निरीक्षणे किती हवीत? निदान शंभर. पण संख्येपेक्षा कालावधी महत्त्वाचा. दीड वर्षाचे रोजचे साडेचारशे आकडे हे आठ वर्षांच्या साप्ताहिक चारशे आकड्यांपेक्षा जास्त असले, तरी या कामासाठी दुबळे आहेत. भाव जागेवर परत येतो का हे कळायला त्याला भरकटून परत यायला वेळ तर मिळायला हवा.

शेवटी दोन्ही भावांचे नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या. कांदा आठशे रुपये क्विंटल असताना शंभर रुपयांचा फरक मोठा, चार हजार असताना किरकोळ. लॉग घेतल्यावर फरक टक्क्यांच्या भाषेत येतो.

पहिली पायरी: दोन्ही मालिका मुळात भटक्या आहेत का?

ही पायरी गाळली तर पुढचे सगळे पोकळ. प्रत्येक लॉग-भावावर ऑगमेंटेड डिकी–फुलर, म्हणजे एडीएफ चाचणी करा, कॉन्स्टंटसह (म्हणजे समीकरणात एक स्थिर पद ठेवून). इथे शून्य परिकल्पना (चाचणी जे आधी खरे धरून चालते ते) ‘युनिट रूट आहे’, म्हणजे मालिका भटकी आहे, अशी असते. मूळ पातळीवर ती फेटाळली जाऊ नये आणि पहिला फरक घेतल्यावर (या आठवड्याचा भाव वजा मागच्याचा) ती फेटाळली जावी. जोडीला केपीएसएस करा. तिची परिकल्पना नेमकी उलटी, ‘मालिका स्टेशनरी आहे’. दोन्ही चाचण्या एकच सांगत असतील तर पाय घट्ट आहेत.

कांद्याच्या बाबतीत इथेच अनपेक्षित काही निघू शकते. कांदा भडकतो तसा कोसळतोही. पुरेशा लांब कालावधीत त्याचा भाव स्वतःच स्टेशनरी निघणे अशक्य नाही. तसे निघाले तर कोइंटिग्रेशनचा प्रश्नच उरत नाही. मग साधे रिग्रेशन करा आणि स्टँडर्ड एरर (गुणांकातली अनिश्चितता) न्यूवी–वेस्ट पद्धतीने घ्या. एक मालिका स्टेशनरी आणि दुसरी भटकी असेल तर थांबा. अशा जोडीत दीर्घकालीन नाते जुळूच शकत नाही.

दुसरी पायरी: रिग्रेशन आणि रेसिड्युअल

पिंपळगावचा लॉग-भाव डावीकडे, कॉन्स्टंट आणि लासलगावचा लॉग-भाव उजवीकडे. साधे लीस्ट स्क्वेअर्स. इथली टी-मूल्ये आणि पी-मूल्ये (नाते नसताना इतका मोठा आकडा योगायोगाने येण्याची शक्यता) वाचू नका, अहवालातही त्यांवर तारे लावू नका. मालिका भटक्या असताना त्यांचे नेहमीचे अर्थ चालत नाहीत. गुणांक तेवढा उपयोगाचा. रेसिड्युअल वेगळ्या रकान्यात साठवा आणि त्यांचा आलेख काढा. वर-खाली होत शून्याची रेषा वारंवार ओलांडणारा आलेख ही आशेची खूण. वर्षभर रेषेच्या वरच आणि पुढचे वर्षभर खालीच राहणारा आलेख दिसला, तर निकाल काय येणार याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

तिसरी पायरी: रेसिड्युअलवर एडीएफ

समीकरण असे: रेसिड्युअलचा या आठवड्यातला बदल डावीकडे, उजवीकडे मागच्या आठवड्याचा रेसिड्युअल आणि बदलांचे काही लॅग. कॉन्स्टंट नाही, ट्रेंड (काळाबरोबर सरळ चढणारे-उतरणारे पद) नाही. रिग्रेशनमध्ये कॉन्स्टंट असल्याने रेसिड्युअलची सरासरी आधीच शून्य आहे, पुन्हा घालायचे कारण नाही. ट्रेंड हवाच असेल तर तो दुसऱ्या पायरीतल्या रिग्रेशनमध्ये घाला, इथे नाही. आपल्याला हवा आहे मागच्या आठवड्याच्या रेसिड्युअलच्या गुणांकाचा टी-आकडा. तो जितका जास्त ऋण, तितका कोइंटिग्रेशनचा पुरावा भक्कम.

लॅग किती? कमी घेतले तर चाचणीच्या चुकांमध्ये स्वसहसंबंध (एका आठवड्याची चूक पुढच्या आठवड्यात झिरपणे) उरतो आणि निकाल खोटा येतो. जास्त घेतले तर चाचणीची ताकद झिजते. श्वर्टचा ठोकताळा कमाल मर्यादा देतो: निरीक्षणांना १०० ने भागा, चौथे मूळ काढा, १२ ने गुणा. १२० आठवड्यांना उत्तर १२.५ च्या आसपास, म्हणजे १२. तिथून खाली येत एआयसी किंवा बीआयसी (मॉडेलचा नेमकेपणा आणि त्यातल्या पदांची संख्या यांचा तोल पाहणाऱ्या कसोट्या) सर्वांत कमी असेल तो लॅग घ्या, आणि शेवटी ब्रॉइश–गॉडफ्री चाचणीने पाहा की स्वसहसंबंध उरला नाही ना. ‘शेजारच्याने चार घेतले म्हणून आपणही चार’ असे करू नका.

चौथी पायरी: कोणत्या टेबलाशी तुलना करायची

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबू.

साधे डिकी–फुलर टेबल हे बाजारातून थेट आलेल्या मालिकेसाठी असते. रेसिड्युअल तसे नाहीत. ते आपण अंदाजलेल्या गुणांकातून तयार केले आहेत. लीस्ट स्क्वेअर्सचे कामच मुळी रेसिड्युअलचा पसारा शक्य तितका लहान करणारी रेषा शोधणे. म्हणजे नाते नसले, तरी रेसिड्युअल आवरलेले आणि स्टेशनरीसारखे दिसतील अशीच रेषा ते निवडते. ही आपोआप मिळालेली सवलत वसूल करायला टेबल कडक हवे. तसे टेबल मॅकिनन यांनी सिम्युलेशनने तयार केले आणि २०१० मध्ये सुधारले.

मोठ्या नमुन्यासाठी, रिग्रेशनमध्ये कॉन्स्टंट असताना (टक्के म्हणजे नाते नसताना ते आहे असे चुकून ठरवण्याची शक्यता; टी-आकडा दिलेल्या मूल्यापेक्षा जास्त ऋण असेल तरच पास):

दोन मालिका: १ टक्क्याला −३.९०, ५ टक्क्यांना −३.३४, १० टक्क्यांना −३.०४.
तीन मालिका (समजा वाशीचा भाव जोडला): −४.२९, −३.७४, −३.४५.
दोन मालिका, पण रिग्रेशनमध्ये ट्रेंडही असेल तर: −४.३३, −३.७८, −३.५०.

नमुना लहान असेल तर आकडा आणखी खाली सरकतो. दोन मालिका, कॉन्स्टंट आणि ५ टक्के पातळी यांसाठी सूत्र आहे: −३.३३६१, वजा ६.११०१ भागिले निरीक्षणांची संख्या, वजा ६.८२३ भागिले त्या संख्येचा वर्ग. १२० निरीक्षणांना उत्तर येते −३.३९.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १२० आठवडे, मागच्या रेसिड्युअलचा गुणांक −०.१४, स्टँडर्ड एरर ०.०४६. भागाकार −३.०४. एक्सेल याला ०.००३ च्या घरातले पी-मूल्य देईल. कॉन्स्टंट नसलेल्या साध्या एडीएफचे ५ टक्क्यांचे टेबल −१.९५ दाखवेल. दोन्ही ठिकाणी निकाल ‘दणदणीत पास’. खरे टेबल मात्र म्हणते: ५ टक्क्यांना −३.३९ हवे, १० टक्क्यांनाही −३.०८ हवे. म्हणजे नापास. आकडा तोच, टेबल बदलले आणि निष्कर्ष उलटला.

एक सूट आहे, आणि ती फारशी वापरली जात नाही. गुणांक तुम्ही अंदाजलाच नाही, आधीच ठरवला, तर साधे टेबल चालते. उदाहरणार्थ, ‘दोन बाजार इतके जवळ आहेत की टक्केवारीत भाव एकास एक हलावेत’ असे गृहीत धरून गुणांक १ घ्या. मग लॉग-भावांतला सरळ फरक काढा आणि त्यावर कॉन्स्टंटसह एडीएफ करा. इथे ५ टक्क्यांचे मूल्य −२.८६. पण हा निर्णय आकडे पाहण्याआधी घ्यायचा. रिग्रेशनने ०.९८ दाखवल्यावर ‘म्हणजे १ च की’ म्हणणे ही पळवाट झाली.

केपीएसएस रेसिड्युअलवर चालवायची असेल तर तिथेही हीच अडचण. तिचे साधे टेबल चालत नाही. शिन यांनी १९९४ मध्ये दिलेले वेगळे टेबल लागते.

सॉफ्टवेअरनुसार

फुकट आणि माऊसने चालणारे हवे असेल तर ग्रेटल. फाइल उघडल्यावर आधी डेटा मेनूतल्या डेटासेट स्ट्रक्चरमध्ये टाइम सिरीज आणि वीकली निवडा, नाहीतर लॅगचे पर्यायच मिळणार नाहीत. मग मॉडेल मेनूत टाइम सिरीजच्या भागात एंगल–ग्रेंजर कोइंटिग्रेशन चाचणी आहे. दोन्ही मालिकांची एडीएफ, रिग्रेशन आणि रेसिड्युअलची एडीएफ ती एका दमात करते आणि पी-मूल्य योग्य टेबलातून देते. रेसिड्युअल हाताने साठवून त्यांवर व्हेरिएबल मेनूतली साधी एडीएफ लावली, तर मात्र पी-मूल्य साध्या टेबलाचे येते. एकाच सॉफ्टवेअरमधून दोन वेगळी उत्तरे येतात ती यामुळे.

आरमध्ये टी-सिरीज पॅकेजची एडीएफ चाचणी सगळ्यांच्या हाताशी असते आणि रेसिड्युअलसाठी तीच सर्वांत गैरसोयीची. ती कॉन्स्टंट आणि ट्रेंड दोन्ही न विचारता घालते, पी-मूल्यही साध्या टेबलाचे देते. त्याऐवजी युर्का पॅकेजची डिकी–फुलर चाचणी ‘नन’ प्रकाराने चालवा, टी-आकडा उचला आणि वर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. खाली ती छापते तो −१.९५ दुर्लक्षित करा. टी-सिरीजमधलीच फिलिप्स–ऊलियारिस चाचणी रेसिड्युअलसाठीच बनवलेली आहे, ती वापरायला हरकत नाही.

पायथनमध्ये स्टॅट्समॉडेल्सचे ‘कॉइंट’ फंक्शन सगळे एकत्र करते आणि मॅकिननची मूल्ये देते. ‘एडीफुलर’ला रेसिड्युअल दिले तर तेच जुने दुखणे, शिवाय ते न सांगता कॉन्स्टंट घालते.

स्टाटात टीएससेटला स्टाटाचा आठवडा देऊ नका. स्टाटाच्या हिशेबात वर्षाला नेमके ५२ आठवडे आणि शेवटचा आठवडा आठ-नऊ दिवसांचा. तारखा जुळवताना डोके फिरते. १, २, ३ असा सलग अनुक्रमांक द्या. रिग्रेशननंतर प्रेडिक्टने रेसिड्युअल काढा, डीफुलर कॉन्स्टंटशिवाय चालवा आणि छापलेल्या मूल्यांकडे पाहू नका.

ईव्ह्यूजमध्ये ‘रेसिड’ नावाची मालिका दर रिग्रेशननंतर पुसून नव्याने लिहिली जाते. तिच्यावर थेट काम करू नका. समीकरणाच्या प्रॉक मेनूतून रेसिड्युअल वेगळ्या नावाने साठवा.

काहीच नसेल तर एक्सेल पुरते. डेटा टॅबमधल्या डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये रिग्रेशन निवडा, रेसिड्युअल्सच्या चौकटीत खूण करा. आलेल्या रकान्याशेजारी मागचा रेसिड्युअल, बदल आणि बदलाचे लॅग असे रकाने बनवा, कोऱ्या झालेल्या वरच्या ओळी सोडा आणि पुन्हा रिग्रेशन करा. या वेळी ‘कॉन्स्टंट इज झीरो’वर खूण हवीच. टी-आकडा घ्या, पी-मूल्यावर काट मारा.

निकाल विचित्र आला तर

दिशा उलटवून पाहा. लासलगाव डावीकडे घेतल्यावर टी-आकडा वेगळा येतो. एका दिशेने पास आणि दुसऱ्या दिशेने नापास झाले, तर सोयीची दिशा निवडून गप्प बसू नका. दोन्ही आकडे लिहा, किंवा ज्यात दिशेचा प्रश्नच येत नाही ती योहान्सेन चाचणी करा. तीन किंवा अधिक बाजार असतील तर योहान्सेनच बरी, कारण तिथे एकाहून जास्त दीर्घकालीन नाती असू शकतात आणि एंगल–ग्रेंजर एकच शोधते.

सरकारी निर्णयांच्या तारखा हाताशी ठेवा. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मधली निर्यातबंदी, ऑगस्ट २०२३ मधले ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ मधली बंदी आणि मे २०२४ मध्ये ती उठणे, या ठिकाणी भावात झटके बसलेले आहेत. लासलगाव आणि पिंपळगाव एकाच तालुक्यात असल्याने झटका दोघांना सारखाच बसतो आणि रेसिड्युअलमध्ये तो बराचसा वजा होतो. परदेशातल्या भावाशी जोडी लावली तर मात्र बंदीच्या काळात नातेच तुटते. साधी चाचणी त्या तुटीला ‘कोइंटिग्रेशन नाही’ असे वाचते. तिथे ग्रेगरी–हॅन्सन चाचणी करा. नात्याची पातळी एकदा बदलली असे ती गृहीत धरते आणि बदलाची तारीख स्वतः शोधते. एका स्वतंत्र चलासाठी तिचे ५ टक्क्यांचे मूल्य −४.६१ आहे, म्हणजे बरेच कडक. पहिल्या पायरीतही हाच धोका: मध्येच झटका बसलेली स्टेशनरी मालिका एडीएफला भटकी वाटते.

परिकल्पना फेटाळली गेली नाही याचा अर्थ ‘नाते नाही हे सिद्ध झाले’ असा नव्हे. ही चाचणी मुळात दुबळी आहे. परत येणे संथ असेल तर तिला ते दिसत नाही. अशा वेळी फरकांवर रिग्रेशन करा आणि दीर्घकालीन नात्याबद्दल बोलू नका.

परिकल्पना फेटाळली गेली, तर मागच्या रेसिड्युअलच्या गुणांकातून परतीचा वेगही काढता येतो. तो −०.२५ असेल तर आठवड्याला साधारण ७५ टक्के अंतर उरते आणि अंतर निम्मे व्हायला सुमारे २.४ आठवडे लागतात. त्यानंतर एरर करेक्शन मॉडेल: पिंपळगावच्या भावातला बदल डावीकडे, मागचा रेसिड्युअल, लासलगावचा बदल आणि लॅग उजवीकडे. इथे सगळी चले स्टेशनरी असल्याने टी-मूल्ये नेहमीसारखी वाचता येतात. मागच्या रेसिड्युअलचा गुणांक ऋण यायला हवा. तो शून्याजवळ आला तर लासलगावचे तसेच समीकरण मांडा. कदाचित पिंपळगाव जागेवर उभे असेल आणि अंतर भरून काढायचे काम लासलगाव करत असेल.

अहवालात लिहिताना कालावधी, निरीक्षणांची संख्या, वाण, दराचा प्रकार, रिग्रेशनमधले कॉन्स्टंट-ट्रेंड, लॅग आणि तो निवडण्याची कसोटी, टी-आकडा आणि ज्या टेबलाशी तुलना केली त्याचे नाव, एवढे हवेच. शेवटची गोष्ट नसेल तर परीक्षकाचा पहिला प्रश्न तोच असेल.